गेलेल्या माणसांची वही

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "गावातल्या गेलेल्या माणसांची एक वही करायची म्हणतोय, तुमच्याकडं असलं काही करतात का रे?" मी हो म्हणालो आणि पुढं अडखळलो, कारण ते फोनवर सांगून होण्यासारखं नव्हतं. तात्या गेल्यावर तुला हे सुचलं, याचं मला नवल वाटत नाही. त्यांना विचारायचं राहून गेलेलं कितीतरी आता कुणालाच विचारता येणार नाही. म्हणून सविस्तर लिहितो. पत्र लांबेल, सवडीनं वाच.

इकडचा मुलूख तू फोटोतच पाहिला आहेस. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताचा दक्षिण भाग, रिजायना आणि वेबर्न या शहरांच्या मधला. चारी दिशांना सपाट. लांबवर झाडं दिसली की समजायचं, तिथं घर आहे किंवा कधीकाळी होतं. राहुरीला शिकलेलं मी इथं बियाणं आणि खतं यांचा सल्ला देण्यात लावतो आहे. दिवस कुणाच्या तरी शेतावर जातो आणि संध्याकाळी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कॉफी होते. भारतात बाहेरून जी मसूर येते, तिच्यातली बरीचशी याच प्रांतातली. सस्काटूनच्या विद्यापीठानं मसुरीचे वाण काढले, तेव्हा १९७८च्या वाणाला लेर्ड आणि १९८०च्या वाणाला एस्टन अशी इथल्याच छोट्या गावांची नावं दिली. म्हातारे शेतकरी मला हमखास विचारतात, तुमच्याकडं ही शिजवतात कशी? आमटीवरून सुरू झालेलं बोलणं त्यांच्या आईवर येतं, आईवरून आजोबांवर, आणि मग कुणीतरी उठून कपाटातून ते जाडजूड पुस्तक काढतं.

त्या पुस्तकाबद्दलच मला सांगायचं आहे. सस्कॅचेवान प्रांत १९०५ साली झाला. १९८०मध्ये त्याची पंचाहत्तरी आली, तेव्हा ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या परिसराचा इतिहास स्वतः लिहून छापला. अशी शेकडो पुस्तकं निघाली. लिहिणारे कोण? शेतकरी, त्यांच्या बायका, निवृत्त शिक्षिका, पोस्टातली बाई. प्रत्येक घरानं आपल्या माणसांबद्दल आपल्याला जमेल तसं लिहून द्यायचं, समितीनं ते गोळा करायचं. भाषा साधी. कोण कुठून आलं, कुठली जमीन घेतली, पहिलं घर कशाचं होतं, किती मुलं झाली, त्यातली किती जगली. आमच्या भागाचं पुस्तक मी दोनदा वाचलं. माणूस मोठा होता की नव्हता हा प्रश्नच त्यात कुठं येत नाही. तो इथं राहिला, एवढं पुरतं. तुझ्या वहीलाही हाच नियम लाव, असं माझं आधीच सांगणं आहे.

जमिनीचं सांगतो, म्हणजे तुला अंदाज येईल. १८७२च्या कायद्यानं दहा डॉलर नोंदणी फी भरली की १६० एकर मिळायची. अट अशी की तीन वर्षांत तिथं राहायचं, घर बांधायचं, ठरलेले एकर नांगरून दाखवायचे. तोवर ती जमीन कधी नांगरलेलीच नव्हती. सरकारनं सगळा मुलूख आधीच आखून ठेवला होता. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी टाउनशिप, तिच्यात ३६ सेक्शन, सेक्शनचे चार भाग. त्यामुळे इथल्या माणसाचा पत्ता असा असतो: टाउनशिप १२, रेंज १८, सेक्शन १४चा वायव्य चौथा हिस्सा. आपल्याकडं गट नंबर सांगितला की म्हातारी माणसं त्या शेतातल्या चार पिढ्या सांगतात ना, तसं इथंही होतं. आकडा उच्चारला की समोरचा म्हणतो, ती होय, ती नॉर्वेहून आलेल्या भावांची.

प्रत्येक जमिनीची फाइल प्रांताच्या अभिलेखागारात आहे. मालकी मिळवताना माणसानं काय लिहून दिलं ते त्यात सापडतं: वय किती, कुटुंब किती, कुठल्या वर्षी किती एकर नांगरले, गुरं किती, घर केवढं आणि त्याची किंमत काय. खाली शेजाऱ्यांची साक्ष. मी बघितलेल्या एका फाइलमध्ये घर म्हणजे मातीच्या ढेकळांचं होतं. गवताच्या मुळांनी घट्ट झालेली माती विटेसारखी कापून एकावर एक रचायची. किंडर्सलीजवळ १९०९ ते १९११ या काळात बांधलेलं असं एक घर अजून उभं आहे, राष्ट्रीय वारसा म्हणून जपलंय. पण त्या फाइलमधलं घर नाही, माणूस नाही, त्याचं थडगंही सापडत नाही. पहिल्या वर्षी कुटुंब किती, या रकान्यात त्यानं बायको आणि दोन मुलं लिहिली आहेत. तिसऱ्या वर्षी बायको आणि एक मूल. मधल्या हिवाळ्यात काय झालं, ते कुठं लिहिलेलं नाही. मी ती ओळ वाचून बराच वेळ तिथंच बसून राहिलो.

अविवाहित बाईला अशी जमीन मिळायची नाही. विधवा असेल, कुटुंबाची कर्ती असेल तरच. म्हणून सरकारी कागदात बायका कमी, आणि १९८०च्या पुस्तकातही कितीतरी जणी नवऱ्याच्या नावापुढं 'मिसेस' लावून आल्यात. तिचं स्वतःचं नाव शोधायला दफनभूमीत जावं लागतं. आता आमच्याकडं त्या पुस्तकाचा दुसरा भाग करायचं चाललंय, १९८०नंतर गेलेल्यांसाठी. मला इंग्रजी टायपिंग येतं आणि सगळ्यांच्या घरी जाणं-येणं आहे, म्हणून समितीत घेतलं. त्यामुळे गेल्या हिवाळ्यापासून मी दफनभूमीच्या नोंदी आणि वर्तमानपत्रातले निधनाचे मजकूर वाचतो आहे.

हे निधनाचे मजकूर आपल्यासारखे दोन ओळींचे नसतात. त्यात आयुष्य सांगितलेलं असतं: कुठल्या एकखोली शाळेत शिकली, लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं, किती वर्षं टपाल वाटलं, कुणाची बाळंतपणं केली, हॉकीच्या कुठल्या संघाचं वेड होतं. पुढं दोन याद्या असतात. तिच्या मागे कोण राहिलं आणि तिच्या आधी कोण गेलं. नव्वदी पार केलेल्या एका आजींच्या मजकुरात आधी गेलेल्यांत पहिलं होतं त्यांचं काही दिवसांचं बाळ, चाळीसच्या दशकातलं. त्याला नाव ठेवलेलं होतं आणि ते नाव छापलं होतं. नवरा, भाऊ, बहिणी सगळे त्याच्यानंतर. एवढी वर्षं त्या घरानं त्या बाळाला मोजलं. तुझ्या वहीत हे जरूर कर. आपल्याकडं लहान गेलेल्याचं नाव घेत नाहीत, विषय निघाला की आई-मावश्या गप्प होतात. पण हळू आवाजात विचारलंस तर सांगतील.

१९१८च्या साथीच्या वर्षाची थडगी ओळीनं आहेत. मुलांच्या दगडांवर कोकरू कोरलेलं असतं. रशियातून आलेल्या जर्मन लोकांचे लोखंडी क्रूस वेगळेच, लोहारानं घडवलेले, अजून गंजले नाहीत. हिवाळ्यात जमीन इतकी गोठते की पूर्वी खड्डा खणायला आधी पेंढा जाळून माती ऊन करावी लागे.

तीसच्या दशकाबद्दल तुला सांगितलंच पाहिजे, कारण ते ऐकताना मला आपलं ७२ आठवतं. आपण तेव्हा नव्हतो, पण घरोघरी ऐकलेलं आहेच. इथं १९२९च्या सुमारास पाऊस फिरला आणि वर्षामागून वर्षं मातीचे लोट उडत राहिले. १९३७ सगळ्यांत वाईट. गहू प्रांतभरात सरासरी एकरी तीन बुशेलसुद्धा निघाला नाही (बुशेल म्हणजे सुमारे सत्तावीस किलो). त्याच वर्षी ५ जुलैला आमच्या जवळच्या यलो ग्रास आणि मिडेल या गावांत ४५ अंश तापमान नोंदलं गेलं. कॅनडाचा तो उच्चांक २०२१पर्यंत टिकला. पेट्रोलला पैसे नव्हते, म्हणून लोकांनी मोटारीचं इंजिन काढलं आणि तिला घोडे जुंपले. पूर्वेकडून मदतीच्या रेल्वेगाड्या आल्या. ऑन्टेरियोची सफरचंदं आली, आणि समुद्रकाठच्या प्रांतांतून खारवलेला मासा आला. समुद्र कधी न पाहिलेल्या बायकांना तो शिजवायचा कसा हेच कळेना. हे मला ज्या आजींनी सांगितलं, त्यांना मी आपल्या लाल मिलोच्या भाकरीचं सांगितलं, सुकडीचं सांगितलं, तुझी आई खडी फोडायला जायची ते सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, तिचं नाव लिहून ठेव. मित्रा, काकूंना दुष्काळातलं सगळं विचारून घे. कुठल्या रस्त्यावर कामाला होत्या, मुकादम कोण, बरोबर कोण कोण बायका होत्या. त्या रस्त्यावरून आज एसटी जाते, आणि तो कुणी केला ते कुठंही लिहिलेलं नाही.

युद्धात गेलेल्यांसाठी या प्रांतानं जे केलंय त्याला मी मनापासून मानतो. उत्तरेकडं जंगलात हजारो तळी आहेत, बऱ्याचशांना नावं नव्हती. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या इथल्या मुलांची नावं त्यांना दिली. तळी, बेटं, उपसागर, डोंगर मिळून अशी सुमारे चार हजार ठिकाणं आहेत. पाण्याचा थेंब आणि झाडाची सावली नसलेल्या शेतावर वाढलेला विशीतला पोरगा युरोपात पडला, आणि नकाशावर त्याच्या नावाचं तळं आहे, चहूकडं गर्द झाडी. रस्ता नसतो. नातेवाईक पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानं जातात आणि काठावरच्या खडकावर त्याच्या नावाची पाटी बसवतात.

आणि आता अलीकडचं. दोन-तीन वर्षांपूर्वी माझा एक शेतकरी ऑगस्टअखेर अचानक गेला. गहू उभा होता, मसूर कापणीला आलेली. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण झालं. सँडविच, लोणची, चौकोनी कापलेल्या गोड वड्या, कॉफी. कुणी काय आणायचं हे इथल्या बायकांना सांगावं लागत नाही. त्याच जेवणात पुरुष कोपऱ्यात उभे राहून ठरवत होते. पुढच्या शनिवारी दव वाळल्यावर रस्त्यानं एकामागून एक कंबाईन, म्हणजे कापणी-मळणीची यंत्रं, येऊ लागले, मागं ट्रक. प्रत्येकाचं स्वतःचं पीक शेतात उभं होतं आणि हवामान खात्यानं पाऊस सांगितला होता, तरी आले. पाण्याच्या चरीवरून त्याच्याशी वर्षानुवर्षं न बोलणारा शेजारीही आला आणि सगळ्यांत ओलसर, अवघड तुकडा त्यानं मागून घेतला. वडिलांचं कंबाईन मुलीनं चालवलं. बायका शेतातच जेवण घेऊन आल्या. रात्री दिवे लावून काम चाललं आणि सगळं धान्य कोठीत गेलं. मी ओलावा मोजायचं यंत्र घेऊन ट्रकांपाशी उभा होतो. इतकी वर्षं इथं राहून ही माणसं अबोल का वाटायची ते मला त्या दिवशी समजलं. एखाद्याचं त्यांना काय वाटत होतं ते ती अशी दाखवतात. आम्ही दुसऱ्या भागात या दिवसाची नोंद करतो आहोत, आणि कोणकोण आलं त्यांची नावंही देतो आहोत.

गाव मात्र विरळ होत चाललंय. दर काही मैलांवर रेल्वेचं ठाणं आणि त्याच्या शेजारी धान्याचं उंच लाकडी एलिव्हेटर (कोठार), अशी एके काळी या प्रांतात तीन हजारांहून अधिक होती. १९९५मध्ये धान्याच्या रेल्वेभाड्याची जुनी सवलत संपली, बारक्या रेल्वेलाइनी उखडल्या, एलिव्हेटर पाडली. शेताचा सरासरी आकार आता सतराशे एकरांवर गेलाय. मग घरं किती उरणार? ओसाड घरापाशी गेलास तर भिंत नसते, पण कॅरॅगॅनाचं कुंपण आणि लायलॅकचं झुडूप असतं. इंडियन हेडच्या सरकारी रोपवाटिकेनं १९०१पासून शतकाहून अधिक काळ शेतकऱ्यांना झाडं वाटली, त्यातलीच ती. जूनमध्ये लायलॅक फुलतो तेव्हा लांबून कळतं की इथं एखादी बाई राहत होती.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. १९८०च्या पुस्तकात काही माणसं नाहीत. रेल्वेच्या जवळजवळ प्रत्येक गावात एक चिनी माणसाचं कॅफे होतं. आमच्याही होतं. पुस्तकात त्याबद्दल एकच ओळ आहे, तीही चांगल्या पदार्थांबद्दल. माणसाचं आडनावसुद्धा नाही. कॅनडात यायला चिनी माणसाला १९०३पासून डोक्यामागं पाचशे डॉलर कर होता, आणि १ जुलै १९२३पासून १९४७पर्यंत त्यांना जवळजवळ बंदीच होती. म्हणजे तो माणूस आयुष्यभर गावाला जेवू घालत एकटा राहिला, बायको-मुलं तिकडं. ओटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात चिनी स्थलांतरितांची रजिस्टरं आहेत, नाव, वय आणि मूळ गाव लिहिलेली. त्यांत आम्ही त्याला शोधतो आहोत.

त्याहून मोठी गोष्ट मूळ रहिवाशांची. पुस्तक सुरू होतं पहिल्या युरोपीय शेतकऱ्यापासून, जणू आधी इथं गवतच होतं. ही जमीन सरकार आणि मूळ रहिवासी यांच्यात १५ सप्टेंबर १८७४ रोजी फोर्ट क्वापेलला झालेल्या चौथ्या कराराखालची. क्री, सोटो, नाकोडा लोकांची. ज्या बायसन गव्यांवर ते जगत, ते १८७०च्या दशकाअखेर संपले. शेतकरी आले तेव्हा त्यांना रानभर हाडं मिळाली, ती गोळा करून रेल्वेनं खतासाठी विकली. कित्येक घरांची पहिली रोख कमाई तीच. मी खताचा माणूस, मला हे वाचून बरेच दिवस चैन पडलं नाही. मग मुलांना आई-बापांपासून तोडून निवासी शाळांत घातलं. आमच्यापासून फार लांब नाही, क्वापेल खोऱ्यात मारिव्हलची शाळा १८९९ ते १९९७ चालली. २४ जून २०२१ रोजी काउएसेस फर्स्ट नेशन या मूळ रहिवाशांच्या समाजानं जाहीर केलं, की तिथल्या दफनभूमीत जमिनीखालचं पाहणाऱ्या रडारनं नाव नसलेली ७५१ थडगी आढळली. त्यांचे तेव्हाचे प्रमुख कॅडमस डेलॉर्म यांनी सांगितलं, की तिथं पूर्वी दगड होते आणि ते साठच्या दशकात काढून टाकले. तेव्हापासून ते लोक कागदपत्रं आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी जुळवत एकेका थडग्याला नाव शोधून देताहेत. माझ्या मते या प्रांतात गेलेल्या माणसांसाठी चाललेलं याहून मोठं काम नाही. आमच्या दुसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण चौथ्या करारापासून सुरू करायचं, असं समितीत ठरलंय. त्यावर बराच वाद झाला, एक-दोन जण उठूनही गेले. पण ठरलं, आणि त्यातलं लिहायचं त्यांचं त्यांनीच, अशी विनंती करायला आम्ही जाणार आहोत.

म्हणून तुला सांगतो, सुरुवात पाटलांच्या वाड्यापासून आणि सरपंचांपासून करू नकोस. त्यांची नावं कोनशिलेवर आहेतच. आधी बौद्धवस्तीत आणि मातंगवस्तीत जा. माळावरच्या धनगरांकडं जा. मुंबईला गिरणीत गेले आणि तिकडंच संपले, त्यांच्या भावकीला विचार. ज्याला मूलबाळ झालं नाही त्याचं आधी लिही, कारण त्याच्यासाठी मजकूर घेऊन कुणी येणार नाही. बायकांची माहेरची नावं लिही, माहेरचं गाव लिही. ग्रामपंचायतीचं मृत्यूचं रजिस्टर आणि शाळेचं जनरल रजिस्टर, दोन्ही बघायला परवानगी घे, हेडमास्तर देतील. आणि तुमच्याकडं हेळवी अजून येतात ना? त्यांच्याकडच्या वंशावळी एकदा ऐकून घे, पण त्यात मुली नसतात हे लक्षात ठेव.

सगळ्यांच्या आधी गिरणीच्या आजींकडं जा. त्यांची नव्वदी झाली, ऐकू कमी येतं, पण सकाळी चांगल्या बोलतात. बरोबर काकूंना ने, म्हणजे बायकांचं बायकांत निघेल. मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि मला पाठव, उतरवून काढायचं काम माझं. इथं हिवाळ्याच्या रात्री फार मोठ्या असतात. छपाईच्या खर्चात निम्मा वाटा माझा धर, यावर वाद नको. तात्यांचं पान तू लिही. मला आठवतं ते मी वेगळं लिहून पाठवतो, त्यांनी आपल्याला विहिरीत पोहायला शिकवलं ते आणि राहुरीला जाताना एसटीत बसवून दिलं ते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, काकूंच्या पायावर डोकं ठेवतो म्हणून सांग. तुझ्या पत्राची वाट बघतो.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
राहुरीचा खोलीमित्र